निम्म्या दरात कराओके करणारे आले, आता दर पाडावा का?

नाशिकच्या एका कराओके होस्टचा, म्हणजे तयार साथीच्या ट्रॅकवर लोकांना गायला देऊन कार्यक्रम चालवणाऱ्याचा, प्रश्न आहे. गेली काही वर्षं ते दोन हॉटेलांत आठवड्यातून एकेक संध्याकाळ कराओके घेतात, शिवाय वाढदिवस, लग्नातलं संगीत, सोसायट्यांचे कार्यक्रम. वर्षभरात शहरात चार-पाच नवे जण उतरले आणि त्यातल्या काहींचा दर यांच्या निम्म्यावर आहे. एक हॉटेल हातचं गेलं, दुसऱ्याचा मालक दर कमी करून मागतोय. त्यांनी विचारलंय, ‘दर पाडू, की कर्ज काढून मोठे स्पीकर घेऊ?’

मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हेच काम करते, हॉटेलांतही आणि नाट्यगृहांतल्या हौशी गायकांच्या कार्यक्रमांतही. माझं मत विचाराल तर सध्या यातलं काहीच करू नका. का, ते जरा सविस्तर सांगते.

अडचण दराची वाटते, पण ती दिसण्याची आहे. मालकाला तुम्ही काय देता? त्याच्या डोळ्यांपुढे दोन स्पीकर, दोन माइक, एक लॅपटॉप आणि तीन तास येतात. नवा आलेला मुलगाही तेवढंच घेऊन येतो. दोन्हीकडे वस्तू सारखीच दिसत असेल तर माणूस स्वस्त असेल ते घेणार, त्यात मालकाचं काही चुकत नाही. मोठे स्पीकर घेतलेत तर तुमची वस्तू थोडी मोठी दिसेल, इतकंच. सहा महिन्यांनी तसेच स्पीकर समोरचाही घेईल आणि हप्ते तुमच्या मागे राहतील.

सामानाच्या जोरावर या धंद्यात कुणी टिकलेलं नाही, अगदी पहिल्यापासून. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली बारमध्ये भाड्याने देण्यासाठी कराओकेची यंत्रं बनवली, पण पेटंट घेतलं नाही, आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी तो बाजार व्यापला. मला त्यांची त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ते बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाद्याची साथ करत. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं आणि साथीला इनोउएच हवे होते. त्यांना जाणं जमेना, म्हणून त्या माणसाच्या गाण्याला जुळेल अशी साथ त्यांनी टेपवर भरून दिली. ठरावीक माणूस, ठरावीक गळा आणि त्याला सोसेल अशी साथ. आपलं काम अजूनही हेच आहे आणि ते निम्म्या दरात सहसा मिळत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी बाजूला काढते. तुमचं उरलेलं हॉटेल परमिट रूम आहे की फॅमिली रेस्टॉरंट, यावर पुष्कळ काही बदलतं. परमिट रूममध्ये साडेनऊनंतर गाणारे वाढतात, फॅमिली हॉटेलात साडेनऊला लहान मुलं झोपेला येतात आणि टेबलं उठायला लागतात. हे तुमचं पोटापाण्याचं एकमेव साधन आहे की नोकरी सांभाळून करताय, तेही महत्त्वाचं. सामान स्वतःचं आहे की दर वेळी भाड्याचं, तेही. मी पुढे जे लिहितेय ते सामान स्वतःचं आहे आणि घर बऱ्यापैकी यावरच चालतं असं धरून.

सगळ्यात आधी रांगेबद्दल. ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी रांग कधी सांभाळलेली नसते.

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरा. एक गाणं संपल्यावर दुसरं सुरू होईपर्यंत होस्ट ट्रॅक शोधतोय, माइक कुणाकडे आहे ते बघतोय, थोडं बोलतोय, यात दीड मिनिट गेलं तर संध्याकाळभरात ३० गाणी होतात. हाच वेळ अर्ध्या मिनिटावर आणला तर ३६ होतात. म्हणजे सहा माणसं जास्त गायली, आणि त्या प्रत्येकाबरोबर त्यांचं टेबल तेवढा वेळ बसून राहिलं. पाऊण तास नंबराची वाट बघून निघून जाणारं टेबल मालकाला दिसत नाही. त्याला फक्त ‘आज गर्दी कमी वाटली’ एवढं जाणवतं. म्हणून चालू गाण्याचा दुसरा अंतरा सुरू झाला की पुढचा ट्रॅक तयार हवा, पुढच्या गायकाला नाव घेऊन सांगितलेलं हवं आणि दुसरा माइक त्याच्या हातात गेलेला हवा. ड्युएट असेल तर दोघं जागेवर आहेत ना, हेही तेव्हाच बघायचं.

रांगेचा नियम मी एकच ठेवते: ज्याचं पहिलं गाणं झालेलं नाही तो दुसरं गाणं मागणाऱ्याच्या आधी. यादी कागदावर मोठ्या अक्षरात आणि कुणालाही दिसेल अशी. मालकाचे मित्र येतात, एखादं टेबल मोठं बिल करणार असतं, एखाद्या साहेबांना ‘आत्ताच’ गायचं असतं. अशा वेळी वाद घालायचा नाही, यादीवर बोट ठेवायचं आणि ‘तुमचा नंबर चौथा, मी स्वतः बोलवायला येते’ असं हसून सांगायचं, आणि मग खरोखर बोलवायला जायचं. लोक नंबर मागे असल्याचं सोसतात. आपल्याला डावललं गेलं हे मात्र त्यांच्या लक्षात राहतं.

दर आठवड्याला येणाऱ्या चांगल्या गायकांचा प्रश्न नाजूक असतो. मंदीच्या रात्री तेच कार्यक्रम तोलून धरतात, आणि गर्दीच्या रात्री त्यांच्यामुळेच नवखा माणूस बुजतो. तयारीच्या आवाजामागून लगेच उठून गायला कुणाचं धाडस होणार? मी त्यांना विश्वासात घेते. सुरुवातीला, कुणी उठायला तयार नसतं तेव्हा, त्यांनी गायचं आणि शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा. मधला वेळ नवख्यांचा. नवखा गायला की त्याच्यामागे ठेक्याचं, सगळ्यांना येणारं गाणं लावते, म्हणजे टाळ्या चालू राहतात आणि तुलना होत नाही.

आणि होस्टने स्वतः गायचं का? आपल्यातले बहुतेक जण गाण्याच्या ओढीनेच इथे आले आहेत, मीही. पण रांगेत एक जरी माणूस थांबलेला असेल तर होस्टने गाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात करून द्यायला एक गाणं, मध्येच सगळे थंड पडले तर एखादं, बस. पुष्कळ नवे होस्ट इथेच मागे पडतात. गळा उत्तम असतो, दर कमी असतो आणि संध्याकाळभर दहा गाणी त्यांचीच होतात. लोक कौतुक करतात, पण पुढच्या आठवड्यात येत नाहीत.

दुसरी गोष्ट पट्टी, म्हणजे गाण्याचा सूर किती वर किंवा खाली धरायचा ते. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत ट्रॅक लावायचा आणि गायक वरच्या जागी फाटला की ‘छान प्रयत्न’ म्हणायचं, ही होस्टिंगची आळशी पद्धत झाली. काळी तीनमधलं (पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या सुरातलं) गाणं दोन पायऱ्या उतरवून पांढरी तीनवर आणलं तर तोच माणूस अंतऱ्यातली वरची जागा निभावून नेतो. रफींची गाणी हौसेने निवडणाऱ्या पुरुषांना ही मदत नेहमीच लागते, कारण ती गाणी वर चढतात. बाईला पुरुषाचं गाणं गायचं असेल तर प्रश्न दोन-तीन पायऱ्यांत सुटत नाही. सॉफ्टवेअरने पट्टी तीन-चार पायऱ्यांपलीकडे ओढली की तबला आणि बासरी कृत्रिम वाटायला लागतात, तेव्हा त्या पट्टीतला वेगळा ट्रॅक जवळ असलेला बरा. गायकाला हे सगळं समजावत बसू नका. एक ओळ गुणगुणायला सांगा, कान द्या आणि पट्टी बदला.

मी एक वही ठेवते. नेहमी येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याची गाणी, कोणतं गाणं कोणत्या पट्टीत जमलं, इको (आवाजाचा घुमारा) किती लागला, चष्मा विसरतो का, शब्द देवनागरीत हवेत की रोमनमध्ये. दोन महिन्यांनी आलेल्या काकांना ‘मागच्या वेळचंच स्केल ठेवू ना?’ असं विचारलं की ते दुसऱ्या होस्टकडे सहजासहजी जात नाहीत. तुमच्याकडे काही वर्षांपासून येणारे गायक आहेत. ही माहिती नुसती डोक्यात असेल तर आजपासून लिहायला लागा. नव्या माणसाला हे विकत घेता येत नाही.

आवाजाबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्हाला बरंचसं माहीत असणार. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत वायरच हवी. ब्लूटूथने ट्रॅक उशिरा पोचतो, पडद्यावरचे शब्द पुढे पळतात आणि गाणारा गोंधळतो. ट्रॅक आधीच उतरवून ठेवलेले हवेत. गाण्याच्या मध्ये जाहिरात लागली किंवा नेट गेलं तर त्या माणसाचा मूड परत येत नाही. माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते, ते हळूच कानात सांगायचं, सगळ्यांसमोर नाही. इको लोक मागतात तेवढा द्यायचा नाही. शब्द एकमेकांत मिसळतात आणि ताल सुटला तर ते जास्तच जाणवतं. हॉटेलात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गाणं ऐकायला न आलेलं एक तरी टेबल तिथे असतंच. स्पीकरची तोंडं अशी ठेवा की त्या टेबलाला एकमेकांशी बोलता येईल आणि वेटरला ऑर्डर ऐकू येईल. मी मध्ये एकदा उठून सर्वांत लांबच्या टेबलापाशी जाऊन उभी राहते. मालक आवाजाबद्दल बोलेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. गच्चीवर किंवा लॉनवर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला आवाज बंद, हे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. कोजागरीचं दूध कितीही उशिरा आटो, बुकिंग घेतानाच दहाची वेळ लिहून द्या.

परवान्यांचंही एकदा पाहून घ्या, कारण स्वस्तातला होस्ट हे सहसा बघत नाही आणि इथे तुम्हाला वेगळं दिसता येतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सवलत आहे, आणि हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या कार्यक्रमालाही. जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी हॉटेलने ठेवलेली कराओकेची रात्र हा धंद्याचा भाग आहे, तिला या सवलतींचा आधार धरू नका. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणांच्या हक्कांसाठी पीपीएल या संस्था परवाने देतात. हॉटेलकडे कोणता परवाना आहे ते विचारा आणि जबाबदारी कुणाची ते करारात लिहून घ्या. ट्रॅकही विकत घेतलेले ठेवा, पावती जपा. कुठून तरी मिळालेल्या पेनड्राइव्हवरचे हजारो ट्रॅक हे भांडवल नसतं, त्यातले निम्मे धड वाजतही नाहीत.

आता दर. मालकाशी बोलताना तासांचा हिशेब सोडा आणि त्याच्या गल्ल्याचा हिशेब मांडा. समजा तुम्ही एका संध्याकाळचे ४,००० रुपये घेता आणि नवा माणूस २,००० म्हणतो. फरक २,००० रुपयांचा. टेबलाचं सरासरी बिल १,२०० असेल आणि तुमच्यामुळे चार टेबलं जास्त लागली किंवा टिकली तर विक्री ४,८०० ने वाढते. ही सगळी रक्कम नफा नसते, म्हणून मालकालाच विचारा की त्यातले त्याच्या हातात किती राहतात. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे वेगळे असतील, पण ते तुमच्याजवळ हवेत. पुढचे चार आठवडे दर संध्याकाळी लिहून ठेवा: किती टेबलं गायली, किती जण पहिल्यांदा आले, किती जण फक्त गाण्यासाठी आले, शेवटचं टेबल किती वाजता उठलं. मग ती वही मालकापुढे ठेवा. तरीही त्याला स्वस्तच हवा असेल तर ते हॉटेल तुमचं नव्हे, आणि ते त्या चार आठवड्यांत कळलेलं बरं.

मालकाने टक्केवारीचा प्रस्ताव ठेवला तर मी तो घेत नाही. बिलं त्याच्या हातात असतात, महिनाअखेरीस आकड्यांवरून कुरबुर होते आणि चांगले संबंध बिघडतात. ठरावीक रक्कम, तीन महिन्यांचा लेखी शब्द, कार्यक्रम रद्द करायचा असेल तर दोन दिवस आधी कळवणं, आणि त्याच दिवशी रद्द केला तर अर्धे पैसे, एवढं पुरतं. दरात काही सोडायचंच असेल तर रक्कम तशीच ठेवून वेळ कमी करा. तीन तासांऐवजी अडीच. एकदा खाली आलेली रक्कम वर न्यायला दोन-तीन वर्षं जातात.

निम्म्या दराचा माणूस बहुतेकदा नोकरी सांभाळून, हौसेने उतरलेला असतो. सामानाची घट, माइकच्या बॅटऱ्या, गाडीचं पेट्रोल, रात्री बाराला एकट्याने सामान उचलणं हे त्याच्या दरात धरलेलं नसतं. त्यातले बरेच जण पावसाळाभर टिकत नाहीत. पण एक गेला की दुसरा येतो, त्यामुळे तो जाईल म्हणून वाट बघणं हा उपाय होत नाही. मी तर त्यांच्याशी ओळख करून घ्यायला सांगेन. त्यांच्या संध्याकाळी जा, एक गाणं गा, टाळ्या द्या. तुम्ही तापाने आडवे झालात तर तुमची संध्याकाळ कोण सांभाळणार? एकाच रात्री दोन लग्नं आली तर दुसरं कुणाला द्याल? आमच्याकडे आम्ही एकमेकांना कामं देतो, वेळेला माइकही देतो. गायक तर सगळ्यांकडे फिरतच असतात. आपला नेहमीचा गायक दुसरीकडे दिसला म्हणून मी कधी तोंड फिरवत नाही, म्हणूनच तो परत येतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नाशिकला वाव आहे म्हणून हौशी गायकांच्या कार्यक्रमांबद्दलही सांगते. हॉल घ्यायचा, गायकांकडून गाण्यामागे शुल्क घ्यायचं आणि चार तासांत चाळीसेक गाणी, ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. इथे स्पर्धा तारखांची होते. ३१ जुलै रफींचा स्मृतिदिन, ४ ऑगस्ट किशोरकुमारांचा जन्मदिन, त्याआधी २७ जूनला आर. डी. बर्मन आणि २२ जुलैला मुकेश. या दीड महिन्यात प्रत्येक गट तेच कार्यक्रम लावतो, तेच गायक सगळीकडे शुल्क भरून थकतात आणि प्रेक्षक म्हणून कुणी उरत नाही. मी त्या गर्दीतून बाहेर पडले आणि २५ जुलैच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या जन्मदिनाच्या आसपास मराठी भावगीतांचा कार्यक्रम धरला. मराठी गाण्यांचे चांगले ट्रॅक कमी मिळतात, त्यातही बायकांच्या पट्टीतले आणखी कमी, म्हणून बहुतेक जण तिकडे वळत नाहीत. ओळखीच्या वादकांकडून थोडे थोडे करून घेतले, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही गेलं, पण ज्यांना गायचंच मराठी आहे त्यांना आता दुसरं ठिकाण नाही.

या कार्यक्रमांचं जुनं दुखणं म्हणजे गायक आपलं गाणं होताच घरच्यांना घेऊन निघून जातो आणि शेवटचे पाच जण रिकाम्या खुर्च्यांसमोर गातात. मला ते बघवत नाही. साठी ओलांडलेल्या बाई महिनाभर एका गाण्याची तयारी करतात, नवी साडी नेसून येतात आणि समोर साउंडवाला आणि मी एवढेच उरतो. त्यावर मी केलेली व्यवस्था अशी: प्रत्येकाचं एक गाणं पूर्वार्धात, एक उत्तरार्धात. ड्युएट शक्यतो वेगवेगळ्या कुटुंबांतल्या गायकांची लावायची, आणि ती उत्तरार्धात. पहिल्यांदा गाणाऱ्याचा नंबर मध्यंतराच्या जरा आधी, भरल्या सभागृहात. शुल्क घेतानाच शेवटपर्यंत थांबण्याचा शब्द घ्यायचा. सगळेच पाळत नाहीत, पण निम्मं सभागृह तरी राहतं. तालीम ठेवता आली तर आणखी बरं. तालमीला भेटलेली माणसं एकमेकांची गाणी ऐकायला थांबतात.

गेलेल्या हॉटेलाच्या मागे लागू नका. तिथे तुमच्या दिवशी येणारी आठ-दहा कुटुंबं असतील, त्यांचे नंबर तुमच्याकडे असतीलच. त्यांना फोन करून ‘आता अमुक वारी इथे असते’ एवढं कळवा, जुन्या मालकाबद्दल वाईट शब्द न बोलता. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला दुसरं हॉटेल बघायला गेलात तर आठवड्यातली त्यांची सर्वांत रिकामी संध्याकाळ मागा, शनिवार मागू नका. शनिवारी हॉटेल तसंही भरतं, आपल्यामुळे काय फरक पडला ते दाखवता येत नाही. मंगळवार भरून दाखवलात तर पुढचं बोलणं मालकच सुरू करतो.

उरलेलं हॉटेल परमिट रूम आहे की फॅमिली, किती टेबलं आहेत आणि सध्या तीन तासांत किती गाणी होतात, एवढं कळवा. तिथे कोणता दर धरावा आणि वेळ कोणती घ्यावी, ते त्यावरून सांगता येईल.